कुन्नूरच्या खोलीतून लोट्याच्या कँटीनपर्यंत

मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं नव्याने जाहीर केली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट त्यात वजनासकट मांडलेलं आहे. धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी किंवा मासे-मटण-अंडी ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तिळासारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. कोकणातल्या खेड तालुक्यात, लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून आलेला कामगार जेवायला बसतो, त्याच्या ताटाशी हे ताडून बघा. भातच भात, त्यावर आमटी आणि कडेला चमचाभर भाजी. आणि सरकारी ताटाचं कूळ शोधत मागे गेलं, तर तेही भातापाशीच जाऊन थांबतं.

१९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूरला, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत, रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरने बेरीबेरीची चौकशी सुरू केली. पायांतली ताकद जाणं, अंगावर सूज येणं, शेवटी हृदय बंद पडणं असा हा रोग. तो पसरला गिरणीत सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळामुळे, कारण कोंड्याबरोबर ब१ जीवनसत्त्वही निघून जातं. उकड्या तांदळाचं तसं होत नाही. भात भिजत घालायचं, टोपात उकडायचं, अंगणात वाळवायचं आणि मग सडायचं. या उकडण्यात कोंड्यातलं जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं आणि सडल्यावरही बरंचसं टिकतं. उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या कोकणी घरांना प्रयोगशाळेशिवाय हे संरक्षण मिळालेलं होतं.

मॅकॅरिसन पुढे उंदरांकडे वळला. देशातल्या सात समाजांचे आहार त्याने उंदरांच्या सात गटांना खाऊ घातले. शीख आहारावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅम भरले, मराठा आहारावरचे २२५ आणि मद्रासी आहारावरचे १५५. भातावर भिस्त असलेले बंगाली आणि मद्रासी आहार तळाला राहिले. वजनातला हा फरक त्याने लोकांच्या वंशाला चिकटवला नाही, जेवणातल्या दूध, भाजी आणि प्रथिनांच्या कमतरतेवर बोट ठेवलं. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याने हे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं.

त्याच्यानंतर आलेल्या डब्ल्यू. आर. अॅक्रॉइडने १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. इथल्या धान्य-कडधान्यांत काय आहे, हे आकड्यांत सांगणारी ही पुस्तिका पुढची कित्येक दशकं सुधारून छापली गेली. १९४४ मध्ये भारतीय माणसाला रोज किती पोषकद्रव्यं लागतात याच्या पहिल्या शिफारशी झाल्या. १९५८ मध्ये डॉ. व्ही. एन. पटवर्धन संचालक असताना कुन्नूरची ही प्रयोगशाळा हैदराबादला गेली, १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे आजचं नाव मिळालं. तरीही प्रयोगशाळेतले आकडे सामान्य माणसाच्या ताटाच्या भाषेत यायला १९९८ उजाडलं. मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती त्या वर्षीची, दुसरी २०११ ची.

कोकणी माणसाने त्या पुस्तिकेच्या नंतरच्या आवृत्तीतल्या दोन ओळी तरी वाचाव्यात. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम, तर नाचणीत ३४४. तांदळात प्रथिनं सात ग्रॅमच्या आसपास, कुळथात २२. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवायची, भात निघाल्यावर त्याच मळ्यात कुळीथ टाकायचा, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी खुडायची आणि खाडीचे मासे आणायचे, ही कोकणची रीतच होती. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, टाकळा आणि मासळीचं कालवण मिळून हैदराबादच्या ताटातले बरेच कप्पे भरतात. आज वरकस ओस पडली, नाचणी आजारी माणसाची पेज होऊन बसली आणि रिकाम्या जागी आणखी भात आला, वडापाव आला.

माशांचं दुखणं वेगळं आहे. लोट्याचं सांडपाणी दाभोळ खाडीत जातं आणि त्याने मासळी मरते, अशी तक्रार खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत. मासे खा, असं सांगणाऱ्या सरकारने खाडीही राखायला हवी. तोवर तो सल्ला मच्छीमारांपर्यंत अर्धाच पोचतो.

ताटाचा हा दूर राहिलेला सल्ला लोट्यात आणायचा एक रस्ता मात्र उघडा आहे: कारखान्याचं कँटीन. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ४६ नुसार २५० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन चालवायला लावता येत होतं. तिथे कोणते पदार्थ द्यायचे, काय दराने द्यायचे आणि व्यवस्थापन समितीवर कामगारांचे प्रतिनिधी कसे घ्यायचे, याचे नियम करण्याची तरतूदही त्याच कलमात होती. म्हणून आजही अशा समितीवर असलेल्या प्रत्येकाला हात जोडून विनंती: पुढच्या बैठकीला २०२४ चा तो तक्ता घेऊन जा. निदान आठवड्यातून दोन दिवस नाचणीची भाकरी आणि कुळीथ, रोज भाताच्या बरोबरीने भाजी, इतकं तरी मागून घ्या.