मल्लखांबाचा समुद्रप्रवास

डहाणूच्या पूर्वेस विवळवेढें येथें चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा भरते. मध्यरात्रीच्या सुमारास देवीचा पुजारी ध्वज हातीं घेऊन गडाच्या सुळक्यावर चढतो आणि खालीं जमलेले हजारों लोक मान वर करून त्याच्याकडे पाहत राहतात. अंधारी वाट आणि उभा कडा. परंतु चढणाऱ्याचा पाय चुकत नाहीं. त्याच मुलखांत ताडाच्या सरळ खोडावर दोराच्या आधारानें झरझर चढणारीं माणसें आपण नित्य पाहतों, आणि भाताची कापणी आटोपल्यावर तारप्याच्या सुरावर अर्धी रात्र वर्तुळांत फिरणारे तरुणतरुणीहि पाहतों. हें सारें शरीराचेंच कौशल्य आहे. परंतु त्याला आपण व्यायाम असें नांव देत नाहीं. व्यायाम म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर शाळेंतील शिटी आणि कवाईत उभी राहते.

ही शाळेंतील कवाईत आली कोठून, आणि आपल्याकडील व्यायाम परदेशांत गेला तो कसा, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. आज ती आपल्यापुढें मांडावयाची आहे.

स्वीडन देशांत पेर हेन्रिक लिंग नांवाचा एक गृहस्थ १७७६ सालीं जन्मला. हा कवि होता आणि तलवारबाजीचा शिक्षकहि होता. पट्टा फिरवल्यानें आपल्या हाताची व्याधि कमी होते असें त्याच्या ध्यानीं आलें, आणि तेव्हांपासून शरीराच्या प्रत्येक हालचालीचा अवयवांवर काय परिणाम होतो याचा विचार करण्यांत त्यानें आयुष्य वेंचलें. १८१३ सालीं स्टॉकहोम येथें त्याच्या प्रयत्नानें व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती सरकारी संस्था निघाली. तेथून बाहेर पडलेले शिक्षक देशोदेशीं गेले. इंग्लंडांतील शाळांनीं ही स्वीडिश पद्धति उचलली, आणि इंग्रजी अमलाबरोबर रांगेंत उभें राहून हुकुमासरशीं हात वर, हात खालीं करण्याची ती रीत हिंदुस्थानांतील शाळांपर्यंत येऊन पोहोंचली.

लिंग १८३९ सालीं वारला. त्याच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९३९ च्या जुलै महिन्याच्या उत्तरार्धांत, त्याच्या स्मरणार्थ स्टॉकहोम येथें व्यायामाचा एक आंतरराष्ट्रीय महोत्सव भरविण्यांत आला. त्यास लिंगियाड असें नांव दिलें. या उत्सवाचें एक वैशिष्ट्य लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तेथें शर्यत नव्हती, गुण नव्हते, पदकें नव्हतीं. प्रत्येक देशाच्या पथकानें यावें, आपली रीत दाखवावी, इतरांची पाहावी व घरीं जावें, एवढाच त्याचा हेतु. परंतु तो उत्सव संपून महिना लोटला नाहीं तोंच, १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मन सैन्य पोलंडांत शिरलें आणि दुसरें महायुद्ध सुरू झालें. एकाच मैदानावर खेळलेल्या तरुणांपैकीं कित्येकांना पुढें निरनिराळ्या गणवेशांत एकमेकांसमोर उभें राहावें लागलें असेल, हा विचार मनास चटका लावून जातो.

आतां आपण वऱ्हाडांत येऊं. अमरावती येथें १९१४ सालीं अंबादासपंत व अनंत कृष्ण वैद्य या दोघां बंधूंनीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. आरंभीं तो एक साधा आखाडाच होता. परंतु आखाड्यांतील विद्या गुरूकडून शिष्याकडे गुपचूप जाण्याऐवजीं ती रीतसर शिकवावी, तिचे शिक्षक तयार करावे, आणि ते गांवोगांव पाठवावे, ही दृष्टि या बंधूंची. कुस्ती, लाठी, लेझीम, हुतूतू, मल्लखांब या सर्वांना तेथें शिक्षणक्रमांत स्थान मिळालें. स्वातंत्र्याच्या चळवळीच्या त्या काळांत शरीर कमावणें आणि देशकार्य यांत फारसें अंतर राहिलें नव्हतें.

या विद्यांपैकीं मल्लखांब ही तर महाराष्ट्राची खास ठेव. बाराव्या शतकांतील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथांत मल्लांच्या खांबाचा उल्लेख येतो; परंतु आज आपण जो मल्लखांब जाणतों त्याचें श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांकडे जातें. निजामाकडील दोन बलाढ्य मल्ल पुण्यास आले आणि त्यांच्याशीं लढण्यास कोणी पुढें होईना; तेव्हां तरुण बाळंभट वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन राहिले, तेथें झाडावर खेळणारें वानर पाहून त्यांना ही विद्या स्फुरली, आणि परत येऊन त्यांनीं प्रतिपक्षाला चीत केलें, अशी परंपरागत कथा आहे. कथेंतील तपशील कांहींहि असो, तिच्यांतील मर्म खरें आहे. जोडीदार नसतांना कुस्तीगिरानें कोणाशीं झुंजावें? तर खांबाशीं. खांब थकत नाहीं, चुकत नाहीं आणि चुकणाऱ्याला क्षमाहि करीत नाहीं.

हा खांब सागाचा किंवा शिसवीचा, खालीं जाड व वर निमुळता होत गेलेला. वर मान आणि तिच्यावर बोंड. त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे कातडी सोलत नाहीं. परंतु त्याच तेलानें पकड निसटूं पाहते, आणि म्हणून मांड्यांची व पोटऱ्यांची पकड पक्की करावी लागते. आधीं सलामी, मग उडी, मग अढी. अढींतून तेढी, पुढें दसरंग, फिरकी, सुईदोरा, आणि शेवटीं बोंडावर तोल सांभाळून केलेलें आसन. वेताच्या मल्लखांबांत खांबाच्या जागीं टांगलेला वेत येतो. हल्लीं त्याच्या ऐवजीं दोर वापरतात. युरोपांतील आडव्या दांड्यावर किंवा कड्यांवर जें साधतें त्याहून हें निराळें आहे. तेथें हातांवर सारी भिस्त. येथें हात मोकळे आणि पायांची बोटेंहि कामास लागलेलीं.

ही विद्या घेऊन अमरावतीचे तरुण १९३६ सालीं आगबोटीनें युरोपास निघाले. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत बर्लिन येथें ऑलिंपिक सामने होते. मंडळाचें पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखालीं तेथें गेलें आणि त्यांनीं हुतूतू, मल्लखांब इत्यादि देशी खेळांचे प्रयोग करून दाखविले. त्याच सामन्यांत ध्यानचंदाच्या हॉकी संघानें अंतिम सामन्यांत जर्मनीवर आठ विरुद्ध एक गोलांनीं मात केली, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु या दोन पराक्रमांत एक भेद आहे. हॉकीच्या संघानें इंग्रजांकडून आलेला खेळ शिकून त्यांत जगाला जिंकलें. अमरावतीच्या मुलांनीं कोणालाच जिंकलें नाहीं. त्यांनीं आपल्या घरचा खेळ परक्या अंगणांत मांडला, आणि ज्यांनीं तो कधीं पाहिला नव्हता त्यांना तो पाहावयास लावला. या दुसऱ्या कामाची नोंद गुणफलकावर होत नसते.

त्या समारंभावर हिटलरच्या राजवटीची गडद छाया होती, हेंहि विसरूं नये. ज्या नगरींत पाहुण्यांचें एवढें स्वागत झालें, त्याच नगरींतील ज्यू नागरिकांना स्वतःच्या देशांत नागरिकत्वाचे हक्क उरले नव्हते. उत्तम शरीर हें राज्यकर्त्यांच्या हातांतील जाहिरातहि बनूं शकतें, हा बर्लिनचा धडा आहे. आणि पारतंत्र्यांतून गेलेल्या आमच्या तरुणांना तेथें स्वतंत्र राष्ट्राचे नागरिक म्हणून उभें राहतां आलें नव्हतें, ही त्यांतील दुसरी खंत.

ती खंत तेरा वर्षांनीं फिटली. १९४९ च्या जुलै-ऑगस्टांत स्टॉकहोम येथें दुसरा लिंगियाड भरला. मधल्या दहा वर्षांत युरोप भाजून निघाला होता. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता. या महोत्सवास अमरावतीच्या मंडळाचें पथक गेलें. ज्या लिंगची कवाईत आपण अनेक वर्षें हुकुमानें गिरवली, त्याच लिंगच्या गांवीं, त्याच्याच स्मरणार्थ भरलेल्या उत्सवांत, आमच्या मुलांनीं आपल्या पद्धतीचा व्यायाम दाखविला. विद्येच्या व्यवहारांत याला देवाणघेवाण म्हणतात. तोंवर आपण केवळ घेणारे होतों.

श्रोतेहो, आतां याच काळांत डहाणू-तलासरीच्या रानांत काय चाललें होतें तें पाहूं. अमरावतीचे तरुण स्टॉकहोमला गेले त्याच्या चारच वर्षें आधीं, २३ मे १९४५ रोजीं, झरी या गांवीं वारली शेतकऱ्यांची मोठी परिषद झाली. किसान सभेच्या शामराव व गोदावरी परुळेकर यांनीं तिच्यासाठीं पायपीट केली होती. वेठबिगार आणि लग्नगडी या दोन प्रथा मोडण्याचा निश्चय त्या परिषदेंत झाला. लग्नासाठीं घेतलेल्या थोड्याशा कर्जापायीं नवराबायकोंनीं सावकाराच्या दारीं आयुष्यभर राबावयाचें, याचें नांव लग्नगडी. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरास तलवाडा येथें जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड व त्याचे चार सोबती त्यांत प्राणास मुकले. 

या दोन घटना मी एकाशेजारीं एक ठेवतों त्या उगीच नव्हेत. व्यायाम म्हणजे काय? स्वतःच्या शरीराला स्वतःच्या इच्छेनें, स्वतःच्या आनंदासाठीं श्रम देणें. ज्याचें शरीर पहांटेपासून रात्रीपर्यंत दुसऱ्याच्या मालकीचें आहे त्याला व्यायाम ठाऊक नसतो. त्याला केवळ श्रम ठाऊक असतात. अमरावतीच्या मुलाला खांबावर चढण्यास संध्याकाळचा एक तास मोकळा मिळाला, पोटास मिळालें, शिकविण्यास गुरु मिळाला; म्हणून तो स्टॉकहोमपर्यंत पोहोंचला. तलासरीच्या मुलाच्या अंगांत लवचिकपणा कमी नव्हता. परंतु तो तास आधीं झगडून मिळवावा लागला. १९४५ सालींच ताराबाई मोडक बोर्डीस आल्या. पुढें १९५७ सालीं त्यांचें बालशिक्षणाचें केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि ताराबाई व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा नेली. तो मोकळा तास देण्याचाच हा प्रयत्न होता.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. लिंगियाड पुन्हां भरला नाहीं. परंतु त्याची कल्पना मेली नाहीं. हॉलंडमधील सोमर नांवाच्या गृहस्थानें ती पुढें चालविली आणि १९५३ सालीं रॉटरडॅम येथें पहिला जिम्नॅस्ट्राडा भरला. तेथेंहि पदकें नाहींत. त्या परंपरेंत २०१५ सालीं हेलसिंकीस वीस हजारांहून अधिक व्यायामपटु जमले होते. २०२३ चा उत्सव ॲमस्टरडॅमला झाला. इकडे हुतूतू कबड्डी या नांवानें १९९० सालीं आशियाई सामन्यांत गेला, आणि मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या शिवाजी पार्कवर झाली. समुद्रापार गेलेला खांब असा पाहुण्यांना घेऊन परत आला.

आज डहाणूचा किंवा तलासरीचा एखादा मुलगा, एखादी मुलगी, अशा महोत्सवास जाण्याचें स्वप्न पाहूं लागली तर तें अयोग्य कां मानावें? या मुलखांतील एक कला याआधींच जगभर गेली आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनीं काढलेलीं तारपानृत्याचीं चित्रें परदेशांतील भिंतींवर लागलीं. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या उत्सवांत पहिला-दुसरा असा क्रम नाहीं, त्याला तारप्याचें वर्तुळ अगदीं अनुरूप आहे, कारण वर्तुळांतहि कोणी पहिला नसतो.

मात्र एक गोष्ट अमरावतीकरांपासून शिकण्यासारखी आहे. ते परदेशीं गेले ते कोणीतरी उचलून नेलेली नवलाईची वस्तु म्हणून गेले नाहींत. आपली विद्या आधीं आपल्या आखाड्यांत बांधून, तिला शिक्षणाचें रूप देऊन, आपल्याच नेत्यांच्या मागून ते गेले. ज्यांना केवळ पाहिलें जातें आणि जे स्वतः दाखवितात, त्यांच्यांत मोठें अंतर आहे. डहाणू-तलासरीचीं मुलें जातील तेव्हां त्यांच्यापुढें त्यांच्याच गांवचा शिक्षक चालावा, आपल्या हालचालींना त्यांनीं आपल्याच बोलींतील नांवें द्यावीं, आणि परतल्यावर त्या गांवांतील धाकट्या मुलांना शिकवाव्या. तसें झालें तरच त्या प्रवासाचें चीज झालें असें म्हणतां येईल.

त्यासाठीं फार मोठें भांडवल लागतें असेंहि नाहीं. सागाचा एक खांब, थोडें एरंडेल, एक जाणता शिक्षक, आणि मुलांच्या दिवसांतील एक मोकळा तास. यांपैकीं पहिल्या तीन गोष्टी पैशानें व प्रयत्नानें मिळतात. चौथ्या गोष्टीची किंमत मागील पिढीनें झरी आणि तलवाडा येथें देऊन ठेवली आहे. ती वायां जाऊं न देणें एवढेंच आपल्या हातीं उरलें आहे.