‘भारतीय बचावा’चे मूळ कोलकात्यात : देशी रीतीने घडवलेली बुद्धिबळाची शैली

कोलकाता : पटावरच्या खेळांचे नियम एका देशातून दुसऱ्या देशात सहज जातात, ते खेळण्याची रीत मात्र त्या त्या देशाच्या सवयींनुसार घडते. जागतिक बुद्धिबळात ‘भारतीय बचाव’ या नावाने ओळखला जाणारा सुरुवातीच्या चालींचा मोठा गट हे याचे ठळक उदाहरण होय. या नावाचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कोलकात्यात झालेल्या डावांत सापडते.

फोर्ट विल्यमच्या तोफांपुढे मोकळी राखलेली जमीन आणि शहर यांच्या सीमेवर कोलकात्याचा एस्प्लनेड वसला. याच भागातील एस्प्लनेड रो येथे तत्कालीन सर्वोच्च न्यायालय होते. आज तेथे कोलकाता उच्च न्यायालय आहे. जॉन कोक्रेन हे स्कॉटिश बॅरिस्टर त्या काळी कोलकात्यात वकिली करीत. लंडनमध्ये ते आघाडीचे बुद्धिबळपटू म्हणून प्रसिद्ध होते आणि इंग्लंडचे हॉवर्ड स्टाँटन यांच्याशी त्यांनी अनेक डाव खेळले होते. १८४३ च्या सुमारास भारतात परतल्यावर तोडीचा प्रतिस्पर्धी शोधताना त्यांची गाठ बंगालच्या ग्रामीण भागातील महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी पडली. महेशचंद्र देशी नियमांनी खेळत आणि आपल्या परिसरात अजिंक्य मानले जात. पुढे ते कोलकात्याच्या बुद्धिबळ क्लबात वेतनावर खेळू लागले. या दोघांत शेकडो डाव झाले. त्यांतील अनेक डावांची नोंद कोक्रेन यांच्यामुळे टिकली.

युरोपीय नियमांत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे पुढे जाता येते. भारतात प्रचलित असलेल्या पद्धतीत सामान्यतः ते एकच घर सरकत असे. युरोपीय पद्धतीचे किल्लेकोट नव्हते. त्याऐवजी शह बसलेला नसल्यास राजाला डावात एकदा घोड्याप्रमाणे उडी मारता येई. शेवटच्या रांगेत पोहोचलेले प्यादे बहुधा त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. प्रांतोप्रांती या नियमांत थोडाफार फरक असे.

प्यादी संथ असल्याने दोन्ही सेनांची गाठ उशिरा पडे. खेळाडूला आपली मोहरी आपल्याच मुलखात निवांत मांडता येत. घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवून त्या जागी उंट ठेवणे आणि लांब तिरप्या रेषेवरून पटाच्या मध्यभागावर नजर ठेवणे, ही मांडणी अशा खेळाला साजेशी होती. युरोपीय नियम आत्मसात केल्यावरही महेशचंद्रांनी ही सवय सोडली नाही.

त्या काळच्या युरोपीय खेळात राजापुढील प्यादी दोन्ही बाजूंनी दोन घरे पुढे टाकून लगेच हल्ला चढवण्याला आणि मोहऱ्यांच्या बलिदानाला मान होता. कोक्रेन याच परंपरेतले. १८४८ मध्ये महेशचंद्रांविरुद्ध त्यांनी केलेले घोड्याचे बलिदान आज ‘कोक्रेन गँबिट’ म्हणून ओळखले जाते. १८५५ च्या एका डावात महेशचंद्रांनी काळ्या मोहऱ्यांनी खेळताना प्रतिस्पर्ध्याला मध्यभागी प्यादी उभारू दिली, त्यांवर दुरून मारा केला आणि डाव जिंकला. हीच मांडणी ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये वापरात आणली आणि ती ‘ग्रुनफेल्ड बचाव’ या नावाने रूढ झाली. मध्यभाग प्याद्यांनी व्यापण्याऐवजी दुरून ताब्यात ठेवण्याचा विचार त्या दशकात युरोपात आधुनिक म्हणून मांडला जात होता.

हे स्थित्यंतर पश्चिम भारतातही घडत होते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे युरोपीय रीतीला जुळवून घेतलेले इंग्रजी भाषांतर १८१४ मध्येच मुंबईत छापले गेले होते. तरीही देशी पद्धत विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. तीत तयार झालेले पंजाबचे मीर सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश विजेते ठरले. सुरुवातीच्या चालींत ते कच्चे मानले जात, तर शांत मांडणी आणि डावाचा शेवट यांत त्यांचा हातखंडा होता. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, मरणोत्तर.

देशागणिक रीत बदलण्याचा हा प्रकार नव्या खेळांतही दिसतो. खेळाडूंनी पात्रांच्या भूमिका घेऊन मिळून कथा रचण्याचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. जर्मनीने १९८४ मध्ये ‘दास श्वार्झे आउगे’ हा स्वतःचा खेळ काढला. जपानमध्ये १९८६ पासून प्रत्यक्ष खेळाचे संवादरूप वृत्तांत मासिकातून वाचले जाऊ लागले आणि त्यांतून ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ ही कादंबरीमाला उभी राहिली. कोलकात्यात जन्मलेल्या लेखिका मिमी मंडल यांनी २०२२ मध्ये मूळ अमेरिकी खेळासाठीच बंगालच्या नद्या व जंगलांवर आधारलेली ‘शंखभूमी’ रचली. त्या साहसकथेवर त्यांचे नाव आहे.

महेशचंद्रांच्या वाट्याला असे श्रेय आले नाही. इंग्रजी नोंदींत त्यांचे नाव निरनिराळ्या अशुद्ध रूपांत येते आणि त्यांच्या आयुष्याची माहिती तुटपुंजी आहे. कोक्रेन आणि ग्रुनफेल्ड यांची आडनावे चालींना मिळाली. महेशचंद्रांच्या शैलीला मिळाले ते त्यांच्या देशाचे नाव. ‘किंग्ज इंडियन’, ‘निम्झो-इंडियन’ आणि ‘क्वीन्स इंडियन’ या नावांत ते आजही जगभरच्या स्पर्धांत उच्चारले जाते.