महिला आशियाई चषक 2022 : विश्वचषकाची पात्रता स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात कशी झाली?

बुलढाणा : शाळेचा संघ तालुक्यात जिंकला की जिल्ह्याला जातो, तिथून अमरावती विभागाला आणि मग राज्याला. महिला फुटबॉलच्या विश्वचषकाचंही असंच आहे. यजमान सोडले तर थेट कोणी जात नाही, आधी आपल्या खंडात पात्र व्हावं लागतं. आशिया खंडासाठी ही पात्रता म्हणजे एएफसी महिला आशियाई चषक. 2022 ची स्पर्धा आपल्याच राज्यात झाली.

कधी आणि कुठे?
20 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2022. मैदानं तीन : नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्याचं बालेवाडी क्रीडा संकुल. कोरोनाचा काळ असल्याने खेळाडूंना कडक बंधनात ठेवलं होतं.

पात्रता कशी ठरली?
12 संघ, चार-चारचे तीन गट. त्यातून 8 संघ उपांत्यपूर्व फेरीत. तिथं जिंकणारे चारही संघ थेट 2023 च्या विश्वचषकात. हरलेल्यांनाही आणखी एक संधी होती. ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा सहयजमान असल्याने त्यांची जागा आधीच पक्की होती.

भारताचं काय झालं?
यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. गटात चीन, चायनीज तैपेई आणि इराण. 20 जानेवारीला इराणसोबतचा सामना 0-0 बरोबरीत सुटला. पण संघात कोरोना शिरला. 23 जानेवारीला तैपेईविरुद्ध उतरायला नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान 13 खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत. सामना झालाच नाही. नियमानुसार भारताने माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणसोबतचा निकालही रद्द झाला. एकही सामना न हरता घरच्या मैदानावरून मुलींना बाहेर पडावं लागलं, विश्वचषकाची वाटही तिथंच बंद झाली.

कोण जिंकलं?
अंतिम सामन्यात दक्षिण कोरिया मध्यंतरापर्यंत 2-0 ने पुढे होता. चीनने दुसऱ्या डावात तीन गोल मारून 3-2 असा सामना फिरवला. शेवटचा गोल तर भरपाई वेळेत झाला. चीनचं हे नववं विजेतेपद. सर्वाधिक 7 गोल ऑस्ट्रेलियाच्या सॅम करने केले. चीन, दक्षिण कोरिया, जपान, फिलिपिन्स थेट विश्वचषकात गेले, व्हिएतनाम नंतरच्या लढतीतून. फिलिपिन्स आणि व्हिएतनाम दोघांचीही ही पहिलीच वेळ.

पुढे काय?
भारत 1979 आणि 1983 च्या आशियाई चषकात उपविजेता होता, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. 5 जुलै 2025 ला थायलंडच्या चियांग माई इथं भारताने थायलंडला 2-1 ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्यामुळे मार्च 2026 च्या ऑस्ट्रेलियातील आशियाई चषकाचं तिकीट मिळालं. पात्रता फेरी खेळून, मैदानावर जिंकून भारताने ही जागा पहिल्यांदाच मिळवली.

आपल्या मुलींसाठी
सुब्रोतो चषकात 17 वर्षांखालील मुलींचा वेगळा गट असतो. शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेवर चौकशी करा. नाव नोंदवायची तारीख गेली की वर्ष वाया जातं. मुलगी खेळते म्हणत असेल तर आधी तिला मैदानावर जाऊ द्या. तालुक्याची पायरी चढल्याशिवाय पुढची दिसत नाही.