वारस, कर्ज आणि कार्यकारणभाव

भूम तालुक्यातील ईट हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तालुक्याच्या सीमेपलीकडील खर्डा मुंबई इलाख्याच्या नगर जिल्ह्यात मोडत असे. दोन्हीकडील शाळा, रस्ते व विहिरी मोजून जो फरक आढळेल तो राज्यपद्धतीचा परिणाम मानावा, असा मोह अभ्यासकास सहज होतो. परंतु इंग्रजांनी कोणता मुलूख घेतला व कोणता संस्थानिकांकडे राहू दिला, ही वाटणी यदृच्छेने झालेली नव्हती. सुपीक मुलूख आधीच निवडून घेतला असेल, तर तेथील भरघोस पीक हे राज्यकर्त्याचे कर्तृत्व की जमिनीचे, हे केवळ सहसंबंधावरून ठरत नाही.

या अडचणीतून वाट काढण्याचा एक लक्षणीय प्रयत्न लक्ष्मी अय्यर यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आढळतो. १८४८ च्या एप्रिलात साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब औरस पुत्रावाचून वारले आणि डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. तेथेही तेच घडले. राजास पुत्र होणे वा न होणे याचा त्याच्या मुलखातील जमिनीच्या कसाशी संबंध नसतो. म्हणून डलहौसीच्या कारकीर्दीतील असे निपुत्रिक मृत्यू हे ‘साधनचल’ मानून त्यांनी गणित मांडले. साध्या समाश्रयणात इंग्रजी मुलखाची शेती सरस दिसते; साधनचल वापरताच ही सरशी नाहीशी होते. उलट शाळा, आरोग्यकेंद्रे व रस्ते यांच्या बाबतीत खालसा मुलूख स्वातंत्र्योत्तर काळातही मागे राहिलेला दिसतो. (साताऱ्यास दत्तक पुत्र होता, हे येथे विसरू नये, ‘वारस नाही’ हा कंपनीचा निवाडा होता, निसर्गाचा नव्हे. साधनचल औरस संततीवर बेतले आहे म्हणूनच ते टिकते.)

धाराशिवास मात्र ही युक्ती लागू पडत नाही. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबासह धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तो कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी. नळदुर्गाचा कारभार काही काळ मेडोज टेलर यांनी पाहिला. १८६० च्या तहाने हा मुलूख परत मिळाला. कापूस पिकविणारे वऱ्हाड इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवले. कर्जापोटी घेतलेला मुलूख वसुलाकडे पाहूनच निवडला जाणार, आणि परत करतानाही तोच हिशेब असणार. तेव्हा ही सात वर्षे वरकरणी प्रयोगासारखी भासली, तरी त्यांत यदृच्छेचा अंश शोधणे व्यर्थ होय.

ईट व खर्डा यांच्यासाठी सीमेलगतच्या गावांची तुलना अधिक उपयुक्त ठरावी, कारण पाऊस व माती सीमेपाशी एकाएकी पालटत नाहीत. मात्र ती सीमा कोणत्या तहाने आणि कोणत्या महालाचा वसूल ध्यानात घेऊन आखली गेली, हे दप्तरांतून आधी निश्चित करावे लागेल.