चिलापी

चिलापी : (शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस मोसांबिकस, कुल सिक्लिडी). आग्नेय आफ्रिकेतील नद्यांचा मूळ रहिवासी असलेला आणि आता भीमेच्या खोऱ्यातील भोई-कोळ्यांच्या जाळ्यात हमखास येणारा मासा. कन्नड मुलखात यास जिलेबी म्हणतात. झांबेझीच्या खालच्या पात्रापासून लिंपोपोमार्गे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत याचा मूळ प्रदेश असून, जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी 1852 मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले.

शरीर उंच व दोन्ही बाजूंनी चपटे, पृष्ठपक्षाचा पुढील भाग तीक्ष्ण काट्यांचा, पार्श्वरेषा मध्येच खंडित; नाकपुडी प्रत्येक बाजूस एकच, आणि रोहू-कटल्यापासून त्यास ओळखण्याची हीच सर्वांत खात्रीची खूण होय. आहार शेवाळ, सडका पाला, कीटक व मिळेल ते.

वीण : या जातीचे खरे वैशिष्ट्य येथे आहे. विणीच्या काळात नर काळा पडतो, त्याच्या हनुवटीखालचा भाग पांढरा व पक्षांच्या कडा तांबड्या होतात; उथळ पाण्याच्या तळाशी तो बशीसारखा खळगा कोरतो, मादी त्यात अंडी घालून ती लगोलग तोंडात घेते, आणि पिले स्वतंत्र पोहू लागेपर्यंत, किंबहुना त्यानंतरही काही दिवस, धोका दिसताच त्यांना पुन्हा मुखात आश्रय देते. या अवधीत ती जवळजवळ उपाशीच राहते. जाळ्यात सापडली तर भयाने अंडी थुंकून टाकते. रोहू लाखांनी अंडी घालतो, परंतु स्थिर पाण्यात वीत नाही. चिलापीची अंडी शेकड्यांनीच, तरी पाणी उबदार असेल तोवर वर्षातून अनेकदा आणि कोणत्याही डबक्यात. त्यामुळे बंदिस्त पाण्यात गर्दी होऊन मासे वीतभर होण्याआधीच प्रौढ होतात व खुरटतात.

अधिवास : संथ, उथळ, उबदार पाणी, खारेपणही सोसते, मात्र कडक थंडी मानवत नाही. सोलापूर जिल्ह्यात मैंदर्गी-दुधनीकडील अवर्षणग्रस्त पट्ट्यात, जेथे तळी व बोरी नदीवरील कुरनूर धरणासारखे जलाशय हाच माशांचा मुख्य आधार, तेथील परिस्थिती तिला सर्वस्वी अनुकूल आहे.

भारतात ही जात 1952 मध्ये प्रथिनांची उणीव भरून काढण्याच्या हेतूने आणली गेली. 1959 मध्ये मत्स्यसंशोधन समितीने तिच्या प्रसारास मनाई केली, पण तोवर ती सरकारी तलावांच्या बांधांबाहेर पडली होती. भीमेवरील उजनीच्या जलाशयात देशी माशांच्या ऱ्हासास ती किती कारणीभूत, आणि धरण, सांडपाणी व बारीक आसांची जाळी किती, याविषयी एकमत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते सगळा दोष एका परक्या माशाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी रास्त नव्हे.

रोग : विशेष उपद्रव नाही.

मांस पांढरे, बारीक काट्यांचे प्रमाण कमी. भिगवणच्या बाजारात मागणी मोठी. जगातील 100 घातक आक्रमक जातींच्या यादीत या माशाचे नाव आहे. उलट, मूळ आफ्रिकी नद्यांत नाईल तिलापिया या भाईबंद जातीशी संकर होऊ लागल्याने तेथे तो संकटप्रवण ठरविण्यात आला आहे.