कॅनव्हासवरील चित्रप्रतिकृती

मूळ चित्रावरून कॅनव्हासवर हाताने रंगवलेली किंवा छापलेली प्रत. पद्धत निवडताना प्रती किती हव्यात आणि रंग किती वर्षे टिकायला हवेत, हे बहुतेक जण विचारतात. मूळ चित्र कोणत्या माध्यमातले आहे, हा पहिला प्रश्न मात्र राहून जातो.

तैलचित्राचा भास छापून देण्याची हौस जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना ओलिओग्राफ छापत असे. रंगागणिक वेगळा दगड वापरून चित्र कागदावर उतरे. ओलिओग्राफ तैलचित्रासारखा दिसावा म्हणून त्यावर वार्निश देत, कधी कॅनव्हासच्या विणीचा ठसाही उठवत.

आजच्या पद्धतींपैकी कॅनव्हास ट्रान्सफरमध्ये ऑफसेटने छापलेल्या कागदावर पारदर्शक थर चढवतात. कागद भिजवून सोलून काढला की थराला धरून शाई तेवढी उरते. ती उष्णता आणि दाब देऊन कॅनव्हासवर बसवतात. शेकडो प्रतींना ही पद्धत परवडते, पण ऑफसेटची पिवळी व किरमिजी शाई उजेडात लवकर उडते. स्क्रीन प्रिंटिंग सपाट, ठसठशीत रंगांच्या चित्रांना शोभते. त्यात प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागत असल्याने एकदोन प्रतींसाठी तो खटाटोप व्यर्थ.

आज सर्वाधिक चालते ती इंकजेट छपाई, म्हणजेच ‘जिक्ले’. कॅलिफोर्नियातील नॅश एडिशन्सने १९९१ च्या सुमारास आयरिस या इंकजेट यंत्रावर कलाप्रती छापायला सुरुवात केली. त्या यंत्राच्या शाया विरघळणाऱ्या रंगांच्या असल्याने फिक्या पडत. न विरघळणाऱ्या रंगकणांच्या, म्हणजे पिग्मेंट शायांनी ती अडचण बरीच दूर केली. एक प्रतही काढता येते, हा इंकजेटचा मोठा फायदा. छपाईवाल्याला शाई पिग्मेंटची आहे का आणि कॅनव्हासच्या लेपात पांढरेपणा आणणारी रसायने आहेत का, हे जरूर विचारावे. ती रसायने निकामी झाली की पांढरा भाग पिवळट दिसू लागतो. छपाईसाठी घेतलेले मूळ चित्राचे छायाचित्र अंतिम आकारात इंचाला ३०० पिक्सेलचे असावे. जाड विणीवर १५० नेही भागते. छपाई पूर्ण वाळल्यावर वार्निश द्यावे, नाहीतर चौकटीवर ताणताना कडेच्या घडीवर शाईला तडे जातात.

साध्या इंकजेटमध्ये रंगाच्या थरांची उंची येत नाही. वर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ती आणण्याची युक्ती बहुधा फसते, कारण ते फटकारे मूळ चित्रकाराचे नसतात. ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमने फुजीफिल्मसोबत २०१३ मध्ये त्रिमित मोजणीवरून उठावाच्या प्रती काढल्या, पण तो खर्च सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेरचा. जाड थरांच्या तैलचित्राची एकच प्रत हवी असेल, तर कुशल चित्रकाराकडून ती रंगवून घेणे आजही उत्तम. जलरंग कॅनव्हासवर छापूच नये; कापडाच्या विणीत कागदाचा पोत हरवतो.

पद्धत कोणतीही असो, चित्र विकत घेतले म्हणजे प्रती काढण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो.