कलियुगाचा हिशेब



पोरीनं मोबाईल घेतला, कलियुग. सून ग्रामसभेत उठून बोलली, कलियुग. आणि बहिणीनं बापाच्या जमिनीत वाटा मागितला की मग घोर कलियुग! हा शब्द आपण रोज ऐकतो, आणि खरं सांगायचं तर आपणही म्हणतो. तो आला कुठून, त्याचा हिशेब कुणी मांडला, आणि त्या हिशेबापायी बायकांच्या आयुष्यात काय बंद झालं नि काय उघडलं, ते आज बघू.

आधी शब्दच घेऊ. बैलाच्या मानेवर जू असतं ना, तो ‘जू’ शब्द संस्कृतातल्या ‘युग’वरूनच आलाय. वेदांमध्ये युग म्हणजे जू, नाहीतर माणसांची पिढी. लाखो वर्षांचा काळ हा अर्थ फार पुढचा. कृत, त्रेता, द्वापर, कली ही चार नावं तर जुगारातल्या दानांची. कृत हे जिंकायचं दान, कली हे हरायचं. नळराजाच्या अंगात कली शिरला आणि तो फाशांवर राज्य हरला, ही दमयंतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. फाशांवरची नावं काळाला लागली, आणि जग एकेक दान हरत चाललंय असं चित्र तयार झालं.

महाभारतात आणि मनुस्मृतीत हिशेब आहे तो असा: कृतयुग 4,800 वर्षांचं, त्रेता 3,600, द्वापर 2,400 आणि कली 1,200. चारी मिळून 12,000. पुढे पुराणांनी सांगितलं की ही वर्षं देवांची, आणि देवांचं एक वर्ष म्हणजे माणसांची 360. मग 1,200 ला 360 नं गुणा. येतात 4,32,000. एवढं एकटं कलियुग! धर्म नावाच्या बैलाला कृतयुगात चार पाय होते, दर युगात एक पाय गेला, आता तो एका पायावर उभा आहे, असंही सांगतात.

कलियुग सुरू कधी झालं? ज्योतिषाच्या गणितानं इसवी सनाआधी 3102 साली. आर्यभटानं लिहून ठेवलंय की मी तेवीस वर्षांचा असताना 3,600 वर्षं उलटली होती, म्हणजे ते साल इसवी सन 499. कर्नाटकात ऐहोळे इथल्या जैन देवळात रविकीर्ती नावाच्या कवीचा 634 सालचा शिलालेख आहे. त्यात भारती युद्धापासूनची 3,735 वर्षं मोजली आहेत. तो लेख चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या कौतुकाचा, आणि तीन महाराष्ट्रकांतली 99,000 गावं त्याच्या सत्तेखाली होती असं त्यात म्हटलंय. म्हणजे आपला मुलूख तेव्हापासून या मोजणीत आहे. पूजेत संकल्प सोडताना भटजी काळ उच्चारतात, त्यात अजून कलियुगाचा पहिलाच चरण येतो. सव्वाचार लाखांहून जास्त वर्षं बाकी आहेत. तेव्हा ‘आता शेवट आला’ म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा.

आता या युगात काय होणार म्हणून सांगितलंय? ते मात्र ऐकण्यासारखं आहे. राजे प्रजेचं रक्षण करणार नाहीत, उलट लुटतील. करांच्या ओझ्यानं लोक गाव सोडून डोंगरदऱ्यांत पळतील आणि मध, कंदमुळं, पाला खाऊन दिवस काढतील. पाऊस वेळेवर पडणार नाही. शूद्र धर्म सांगायला बसतील. बायका नवऱ्याचं ऐकणार नाहीत. पुरुष आईबापांना सोडून सासरच्या माणसांच्या, मेव्हण्यांच्या सल्ल्यानं वागतील. भागवतात परीक्षित राजा कलीला राहायला चार जागा देतो. जुगार, दारू, बायका आणि हिंसा. नंतर पाचवी सोनं. सांगणारे तिसऱ्या जागेचा अर्थ व्यभिचार असा करतात, पण संस्कृतात शब्द सरळ स्त्रिया असाच आहे.

मला गंमत वाटते ती वेगळीच. या यादीतला करांचा आणि लुटीचा भाग पारावर कुणी काढत नाही. अवकाळीनं कांदा गेला, भाव पडला, तेव्हा क्वचित कुणी कलियुग म्हणतं. सुनेचा भाग मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

अनेक इतिहासकारांचं म्हणणं असं की ही वर्णनं उलथापालथीच्या काळात रचली गेली. यवन, शक, कुशाण अशा बाहेरून आलेल्या राजांच्या सत्ता बसल्या होत्या, जुनी घडी विस्कटली होती. ज्यांचा मान त्या घडीवर अवलंबून होता त्यांना जग बुडाल्यासारखं वाटणं साहजिकच. ज्यांना त्या घडीत जागाच नव्हती त्यांनी हा काळ कसा पाहिला, ते लिहून ठेवायला त्यांच्या हातात लेखणी नव्हती.

पण त्याच विष्णुपुराणात एक दुसरी कथा आहे. ऋषींमध्ये वाद पडला, थोड्या कष्टात मोठं पुण्य कधी मिळतं? ते व्यासांकडे गेले. व्यास गंगेत स्नान करत होते. त्यांनी पाण्यातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, कली चांगला. पुन्हा बुडी मारली, वर आले, म्हणाले, शूद्र चांगले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा म्हणाले, स्त्रिया चांगल्या, त्यांच्याहून धन्य कोण? बाहेर आल्यावर त्यांनी उलगडा केला. कृतयुगात जे मिळवायला दहा वर्षं लागत ते त्रेतात एका वर्षात, द्वापरात एका महिन्यात आणि कलियुगात एका दिवसरात्रीत मिळतं, नुसत्या नामसंकीर्तनानं. बायकांचं पुण्य मात्र त्यांनी नवऱ्याच्या सेवेत ठेवलं, ते काही सोडलं नाही.

तरी दार किलकिलं झालं होतं. कलियुगात नाम पुरे, ही गोष्ट आपल्या वारकरी संतांनी धरली आणि पुढे नेली. नाम घ्यायला मुंज लागत नाही, दक्षिणा लागत नाही, संस्कृत लागत नाही. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई, चोखोबांची सोयराबाई, नवऱ्याचा विरोध सोसून तुकोबांना गुरू मानणारी शिऊरची बहिणाबाई, या सगळ्या त्याच दारातून आत आल्या. बहिणाबाईनं तर जातीचा अभिमान खोडून काढणारी ‘वज्रसूची’ मराठी अभंगांत आणली. हे सगळं घडलं ते पुराणांनी ज्याला पडता काळ म्हटलं त्यात.

याच काळात शास्त्री मंडळी एक यादी जुळवत होती. तिचं नाव ‘कलिवर्ज्य’. पूर्वी चालत होतं, शास्त्रातही आहे, पण कलियुगात करायचं नाही, अशा गोष्टींची यादी. ज्यांच्या नावानं आपण हेमाडपंती देवळं म्हणतो, ते देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री, त्यांच्या तेराव्या शतकातल्या ग्रंथातही ही वचनं येतात. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी सगळ्या याद्या एकत्र करून पंचावन्न गोष्टी मोजल्या. अश्वमेध नको. द्विजांनी समुद्र ओलांडू नये. दुसऱ्या जातीत लग्न नको. निपुत्रिक विधवेनं दिराकडून मूल होऊ देऊ नये. आणि विधवेचं पुन्हा लग्न नको.

जरा थांबून बघा. नको म्हणायचं तर आधी ते होत होतं हे कबूल करावंच लागतं. धर्म कधी बदललाच नाही म्हणणाऱ्याला ही यादी फार अडचणीची.

हे सगळं बायकांपुरतंच होतं असंही नाही. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, असं एक मत होतं. त्याच मतापायी 1899 च्या सुमारास कोल्हापुरात शाहू महाराजांसारख्या छत्रपतींना वेदोक्त मंत्र नाकारले गेले.

विधवेच्या लग्नाची गोष्ट सविस्तर सांगते. पराशरस्मृती म्हणून एक ग्रंथ आहे. तोच सांगतो की कृतयुगाला मनूचा धर्म आणि कलियुगाला पराशराचा. म्हणजे खास आपल्या युगासाठीचा ग्रंथ. आणि त्यात लिहिलंय की नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच संकटांत बाईला दुसरा नवरा करता येतो. चौदाव्या शतकात विजयनगरच्या राज्यात माधवाचार्यांनी यावर मोठी टीका लिहिली. त्यांनी काय म्हणावं? ही परवानगी दुसऱ्या युगातली! ग्रंथ कलियुगाचा, परवानगी तेवढी दुसऱ्या युगाची.

कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजचे मुख्य ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी 1855 साली नेमकं इथंच बोट ठेवलं. स्मृती आणि पुराण यांच्यात विरोध आला तर स्मृती मोठी. मग कलियुगासाठीच सांगितलेली स्मृती परवानगी देत असताना पुराणातल्या यादीवरून ती काढून घेता कशी? विरोधकांच्या अर्जांवर सह्या कितीतरी जास्त पडल्या, तरी 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला. विद्यासागरांचं पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणलं. 1870 साली पुण्यात शंकराचार्यांसमोर याच वचनांवरून दिवसेंदिवस वाद चालला. निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला, पण लग्नं थांबली नाहीत.

त्या कायद्यात एक काटा होता. पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाई. आता आपल्याकडच्या कितीतरी जातींत पाट लावायची, मोहतराची चाल पिढ्यान्‌पिढ्या होतीच. त्या बायांना ना विद्यासागरांची गरज होती, ना कायद्याची. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई हायकोर्टानं हक्क जाण्याचा नियम त्यांनाही लावला. अलाहाबादच्या हायकोर्टानं तसं केलं नाही. वरच्या जातीच्या विधवेसाठी उघडलेल्या दारात पाटाच्या बाईचं शेत अडकलं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं हे सुटलं. नवऱ्यामागे मिळालेला वाटा आता बाईच्या पूर्ण मालकीचा, पुढे तिनं लग्न केलं म्हणून तो परत जात नाही. हे आपल्या गटातल्या ज्या मैत्रिणीला सांगायला हवं तिला नक्की सांगा.

आता बहिणीच्या वाट्याकडे येऊ. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क दिला. 2020 साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 साली बाप हयात असायलाच हवा असं नाही. तरी हक्कसोडपत्रावर सही करताना बहिणीच्या कानावर पडतं, आमच्यात वाटणीची रीत अशी नाही, कलियुग आलंय म्हणून हे चाललंय.

तर वाटणीच्या रितीबद्दल त्या कलिवर्ज्यांच्या यादीतलंच एक कलम सांगून थांबते. पूर्वी थोरल्या भावाला वाटणीत जास्त मिळे. मनुस्मृतीत त्याच्यासाठी विसावा हिस्सा आणि चीजवस्तूंतली उत्तम वस्तू वेगळी काढलेली आहे. यादीनं ते कलियुगात बंद केलं, आणि तेव्हापासून सगळे भाऊ सारखा वाटा घेत आलेत.